शाळेच्या फुटबॉलला प्रेक्षक कुठून आणायचे? (मैदानावर सात माणसं, त्यातले एक व्हॅनवाले काका)

लेफ्टबॅकचा_बाबा | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, गेल्या गुरुवारी लेकीच्या शाळेचा आंतरशालेय सामना होता, १७ वर्षांखालील मुली. शाळा कोथरूडकडची, मराठी माध्यमाची. तिथे मुलींचा फुटबॉल संघ आहे याचंच अजून काहींना नवल वाटतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. पावसाची भुरभुर चालू, फक्कीची रेघ अर्धी वाहून गेलेली. आमच्या बाजूचे प्रेक्षक मोजले. सात. मी, गोलकीपर मुलीची आई, दोन माजी विद्यार्थिनी, वडापाव खात उभा असलेला एक कॉलेजकुमार, छत्रीवाले एक आजोबा (कोणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही) आणि मुलींना घेऊन आलेले व्हॅनवाले काका.

उत्तरार्धात आमच्या नऊ नंबरनं गोल केला. गोल काही देखणा नव्हता. कॉर्नरचा चेंडू चिखलात रुतला, तिनं तो बुटाच्या टोकानं आत ढकलला. पण पोरगी दोन्ही हात वर करून सुटली ती थेट कडेच्या रेषेकडे. तिथे पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की ओरडायला, नाचायला इथे कुणी नाहीच. क्षणभर घुटमळली, मग व्हॅनवाल्या काकांना टाळी देऊन परत पळाली. काकांनीही दिली, पण डाव्या हातानं. उजव्या तळव्यावर तंबाखू होता.

१-० जिंकलो. पुढचा सामना २२ तारखेच्या आसपास आहे, भाग्यपत्रिका (कोण कुणाशी, कधी खेळणार त्याची यादी) आली की नक्की कळेल. तोवर काय करता येईल? ढोल आणावा? टी-शर्ट छापावेत? की हे सगळं करणं म्हणजे पोरींवर उगाच दडपण? अनुभव असलेल्यांनी लिहा. नसलेले लिहितीलच.

खडकीकर_जुना | रात्री १०.०५

तुमच्या बाजूला फुटबॉल उशिरा आला हो. पुण्यात हा खेळ लष्करामुळे रुजला. खडकी, कॅम्प, रेंजहिल्स, घोरपडी. आमच्याकडे संध्याकाळी मैदानावर सामना आहे म्हटलं की वर्कशॉपमधून सुटलेली माणसं सायकली आडव्या टाकून बघत बसायची. कुणी बोलवायला लागत नसे, कारण वाटेवरच मैदान. मिशनरी शाळांतही परंपरा आहे, लोयोलाच्या मैदानावरच्या आंतरशालेय स्पर्धेला माजी विद्यार्थी अजून येतात. कोथरूडात मैदानाच्या वाटेवर काय आहे? क्लास. सायकली क्लासच्या बाहेर लागतात.

पाऊसपाणी | रात्री १०.११

क्रिकेट असतं तर सातशे आले असते. विषय संपला.

खडकीकर_जुना | रात्री १०.१४

शाळेच्या क्रिकेटला कधी गेला आहात का? तिथे सातही नसतात. आईवडील गाडीत एसी लावून बसलेले असतात.

तालमीतला | रात्री १०.५०

भावा, कोल्हापूरचा आहे, नोकरीपायी सहा वर्षं पुण्यात. तुमचं हे सात माणसांचं वाचून गलबललं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ असं काय लागलं की दुपारपासनं जागा धरून बसत्यात लोक. म्हातारी माणसं, सायकल दुकानदार, बायका, सगळी.

पण एक गोष्ट नीट ऐका. कोल्हापुरात लोक फुटबॉल बघायला येत नाहीत, पेठ बघायला येतात. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही क्लबची नावं न्हाईत, तालमीची, गल्लीची नावं आहेत. खेळणाऱ्या पोराचं घर माहीत असतं, त्याची आई कुठं भाजी घेती ते माहीत असतं. म्हणून राडा पण तसाच होतो. हुल्लडबाजीनं सामने थांबल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय, त्याचा अभिमान धरू नका कुणी. मुद्दा एवढाच की तुमच्या नऊ नंबरचं नाव शाळेतल्या किती पोरांना माहीत आहे? आधी ते विचारा, मग ढोलाचं बघू.

जाता जाता: २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला आमचा अनिकेत जाधव तुमच्याच बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. म्हणजे पुण्याला खेळाडू घडवता येतात. बघायला जायचं तेवढं जमत न्हाई.

लेफ्टबॅकचा_बाबा | रात्री ११.०२

विचारलं आत्ता लेकीला. ती म्हणते, "नऊ नंबरचं नाव? आमच्या वर्गातल्या निम्म्यांना शाळेचा संघ आहे हेच माहीत नाही." धन्यवाद तालमीतले. झोप उडवलीत.

दोन_रुपये_कमी | मंगळवार, सकाळी ७.३०

वर्ल्ड कपचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? 'मिशन वन मिलियन'. राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. मी तेव्हा शाळेत स्वयंसेवक होतो. झब्ब्यातले पाहुणे चेंडूला पाय लावताना किती लांबून पाय आणतात तेही पाहिलं. खेळ झाला, फोटो झाले. पण खेळणारी मुलं आणि बघणारी मुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी कोलकात्यात इंग्लंड-स्पेन फायनलला ६६ हजारांवर लोक होते, तेही सतरा वर्षांखालच्या परदेशी पोरांचा खेळ बघायला. ती सवय बापाच्या खांद्यावर बसून लागते. आपल्याकडे बालेवाडीला आयएसएल या फुटबॉल लीगच्या निमित्तानं जरा लागत होती, तोवर २०१९ मध्ये पुण्याचा संघच हैदराबादला गेला. माझ्या मुलाची केशरी जर्सी आता गाडी पुसायला आहे.

मागचा_पडदा | सकाळी ९.१५

अहो, पुण्याला ओरडता येत नाही असं कोण म्हणतं? 'पुरुषोत्तम'ला भरत नाट्य मंदिरात कधी आला नाहीत का? एकांकिका स्पर्धा आहे ती, १९६३ पासूनची. पण पडदा वर जायच्या आधी दहा मिनिटं आत बसून बघा. "अरे आव्वाज कुणाचा?" झालं की छत हलतं. जगात कुठे नाटकासाठी अशा आरोळ्या देत असतील असं मला वाटत नाही. म्हणजे आवाज पुण्याच्या घशात तयार आहे, फक्त मैदानाचा रस्ता त्याला माहीत नाही.

तिथला न लिहिलेला नियम मात्र उचला. पडदा सरकला की चिडीचूप. नाटक चालू असताना जो ओरडेल त्याला त्याचंच कॉलेज बाहेर काढतं. फुटबॉलमध्ये एवढी शांतता नको, पण आरोळीची जागा ठरलेली हवी. संघ मैदानात येताना, कॉर्नरला, थ्रो-इनला, हाफटाइमला. सतत कालवा केला की पाचव्या मिनिटाला घसा बसतो आणि पोरं मोबाइल काढतात.

दोन ओळी नाश्त्याआधी सुचल्या, फुकट घ्या:

एक, दोन, तीन, चार,
आमची बॅक म्हणजे सिंहगडाचं दार!
पाच, सहा, सात, आठ,
बॉल घे अन् धर गोलची वाट!

पथ्य एकच. समोरच्या संघावर एकही ओळ नाही. शाळेतली मुलं आहेत, यमक जुळलं की वाहवत जातात.

पाऊसपाणी | सकाळी ९.३२

सिंहगड १६७० मध्ये कडा चढून घेतला होता, दारातून नव्हे. बॅकनं कड्याकडेही लक्ष द्यावं.

मागचा_पडदा | सकाळी ९.३३

आलात. पुण्यात आहोत याची खात्री पटली.

शिट्टीवाला | दुपारी १.२०

शालेय सामन्यांना बारा वर्षं पंच म्हणून उभा राहतो आहे. प्रेक्षक आले तर आम्हालाही बरं वाटतं, विश्वास ठेवा. पण काही गोष्टी आधीच सांगतो.

पहिली, आणि ही फार महत्त्वाची: शिट्टी आणू नका. पथकातली मुलं हमखास आणतात. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात एका बाबांनी उत्साहात शिट्टी फुंकली, बचावातल्या तिघी मीच वाजवली समजून जागच्या जागी थांबल्या आणि समोरची मुलगी चेंडू घेऊन एकटी गोलसमोर. मला खेळ थांबवावा लागला. नियमानं मग ड्रॉप बॉल द्यायचा असतो. गोल जाणार म्हणून एक संघ रडकुंडीला, आपण का थांबलो म्हणून दुसरा. आणि बाबा शिट्टी खिशात घालून माझ्याचकडे रागानं बघत होते.

रेघेला चिकटून उभं राहू नका. साइडला असलेल्या लाइन्समनला पळायला जागा लागते. शाळेला सांगून मुख्य रेषेच्या बाहेर दोन-तीन मीटरवर आणखी एक फक्कीची रेघ मारून घ्या. पोरं रेघ पाळतात, दोरी ओढतात.

राहता राहिले पालक. २०१९ पासून प्रशिक्षकाला पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. प्रेक्षकाला येत नाही. प्रेक्षक फारच सुटले तर माझ्या हातात सामना थांबवणं एवढंच उरतं, आणि मग शिक्षा पोरांना होते. "रेफरी झोपलाय का" हे मला बाराव्या वर्षीही ऐकू येतं. मी झोपलेलो नसतो. तुमची मुलगी ऑफसाइड असते.

एडिसनची_वेणू | मंगळवार, रात्री ८.४५ (आमच्याकडे सकाळ)

न्यूजर्सीहून लिहितेय. माझा धाकटा इथल्या हायस्कूलच्या सॉकर संघात होता. तुम्हाला वाटत असेल अमेरिकेत स्टेडियम भरतात. भरतात, पण शुक्रवारी रात्री, त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलला. दोन्ही खेळांचा हंगाम एकच, पानगळीचा. आमचा सॉकर आठवड्यात मधल्याच वारी दुपारी चारला, बघायला घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले आईबाप. ४०-४० मिनिटांचे दोन अर्ध, आणि हाफटाइमला सगळ्या आया थर्मास उघडणार. तुमच्या सातच्या जागी आमचे वीस, एवढाच फरक.

पण आमच्या शाळेत दोन वर्षांत चित्र बदललेलं मी पाहिलं. एक म्हणजे मुलींचा आणि मुलांचा सामना एकाच संध्याकाळी पाठोपाठ लावायला लागले. पहिल्याचे पालक दुसऱ्याला थांबतात, दुसऱ्याचे लवकर येतात, गर्दी आपोआप दुप्पट. दुसरं, हाफटाइमला प्राथमिक शाळेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना दहा मिनिटं मैदानावर सोडायचे. एक पिल्लू म्हणजे आई, बाबा आणि कुणी आलेली असली तर भारतातली आजी. मुलांनी एक रंग ठरवला की सगळे त्याच रंगात, त्याला खर्च शून्य. घरातला पांढरा शर्ट प्रत्येकाकडे असतो.

आणि मला सगळ्यात आवडायची ती 'सीनियर नाइट'. शेवटच्या वर्षातली मुलं घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना खेळतात, त्याआधी एकेकाचं नाव पुकारतात आणि तो आईबाबांचा हात धरून मैदानाच्या मधोमध चालत जातो. माझा सहा फुटी घोडा माझा हात धरून चालला, तेव्हा मी गॉगल घालून आले होते ते बरं झालं. तुमच्या दहावीच्या मुलींसाठी असं काही करा. पाच मिनिटांचं काम आहे.

ताशा_नंबर_दोन | रात्री ९.३०

पथकात नऊ वर्षं आहे म्हणून बोलतो, नाहीतर लोक म्हणतील ढोलाला विरोध करणारा कुणीतरी. ढोल आणू नका.

कारणं: आत्ता सगळी पथकं सरावात आहेत, नदीपात्राजवळ रोज संध्याकाळी. ऐन गणपतीच्या तोंडावर वादक सोडणार नाहीत. ढोल एकटा वाजत नाही, पाचसहा ढोल, दोन ताशे, टोल, झांजा आले की त्या छोट्या मैदानावर मुलींना सरांचं बोलणं ऐकूच येणार नाही. आणि लोक ढोल बघतील, सामना नाही. आम्ही वाजवतो तेव्हा लोक मिरवणुकीतला गणपतीसुद्धा बघत नाहीत, आम्हाला बघतात. खोटं का बोला.

त्यापेक्षा आमच्याकडचा एखादा सोपा हात टाळ्यांवर बसवा. (पथकाबाहेरच्यांसाठी: आमच्यात तालाच्या रचनेला 'हात' म्हणतात.) दोन संथ, तीन जलद, एक मोकळी. २०१६ च्या युरोला आइसलँडवाले डोक्यावर हात नेऊन एकच टाळी वाजवायचे, आठवतंय? त्यात वाद्य कुठलं होतं फारसं? टाळी हळू सुरू करून चढवत न्यायची, बस. आठवीची पोरं वीस मिनिटांत शिकतात. मी येऊन शिकवतो, पैसे नकोत, मिसळ चालेल.

तिसरा_मजला | बुधवार, पहाटे ५.५०

लेफ्टबॅकचे बाबा, छत्रीवाला म्हातारा म्हणजे मी.

मी कोणाचा आजोबा म्हणून आलो नव्हतो. मैदानाला लागून आमची सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून अकरा वर्षं शाळांचे सामने बघतो आहे. त्या दिवशी लांबचा गोलपोस्ट पावसात दिसेना म्हणून खाली उतरलो. आपल्या लेकीला सांगा, ती चेंडू डाव्या पायानं छान काढते पण काढल्यावर बघत उभी राहते. चार पावलं पुढे यायला हवं. सहा नंबरची मुलगी गेल्या वर्षी बरीच कच्ची होती, यंदा तिनं डोकं वर करून खेळायला सुरुवात केली आहे. हे मी कुणाला सांगणार? बायकोला फुटबॉलमध्ये रस नाही.

ढोलाचा बेत रद्द झाला हे उत्तम. नाहीतर मीच पहिली तक्रार केली असती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. शाळेनं स्वतःच्याच फाटकाशी ते मोडावं हे शोभत नाही. टाळ्यांना माझी हरकत नाही. आरोळ्यांनाही नाही, यमक बरं आहे.

मुख्य मुद्दा. अकरा वर्षांत एकदाही मला सामना कधी आहे हे आधी कळलेलं नाही. शिट्टी ऐकू आली की गॅलरीत यायचं, तोवर पंधरा मिनिटं गेलेली असतात. आमच्या इमारतीत निदान पाच माणसं अशी आहेत की जी दुपारी रिकामी असतात आणि खेळ बघतील. सगळे म्हणतात पुणेकर पाट्या लावतात. मग एक पाटी इथे का नाही? फाटकाबाहेर एक फळा ठेवा. आज सामना, कोण विरुद्ध कोण, किती वाजता. खडू माझा. मी निवृत्त ड्राफ्ट्समन आहे, अक्षराची काळजी नको.

लेफ्टबॅकचा_बाबा | सकाळी ८.१०

आजोबा, नमस्कार करतो. लेकीला चार पावलांचं सांगितलं. ती म्हणाली, "सर पण हेच सांगतात, पण मला वाटायचं सर सगळ्यांनाच सांगतात."

फळ्याचं आज शाळेत विचारतो.

गोलकीची_आई | सकाळी १०.४०

त्या सातांतली मी एक. सगळ्यांच्या सूचना छान आहेत, पण एक साधी गोष्ट कुणी लिहिली नाही. त्या मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याला कडी नाही. दुपारी दोनला निघून साडेपाचला घरी, मधे पाणी प्यायचं नाही असं ठरवून मी बसते. आमच्या ग्रुपमधल्या चौघी याच कारणानं येत नाहीत, तोंडानं म्हणतात वेळ नाही. आधी कडी लावा, मग आरोळी.

आठवी_ब_च्या_बाई | दुपारी ३.३०

मी त्या शाळेत नाही, पण अशाच एका शाळेत शिकवते. मुलांना सामन्याला न्यायचं म्हणजे काय काय लागतं ते सांगते, कारण पालकांना वाटतं मुख्याध्यापक उगाच अडवतात. पालकांच्या सहीचं संमतिपत्र. वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक. बुडणाऱ्या तासाच्या शिक्षकांची परवानगी, आणि गणिताच्या सरांची परवानगी म्हणजे व्हिसा. सामना ऐन वेळी पुढे गेला तर सगळं पुन्हा, आणि भाग्यपत्रिका हातात पडते आदल्या रात्री.

आम्ही यातून काढलेली वाट अशी. सगळी शाळा न्यायचीच नाही. एकच वर्ग, एकच तुकडी, आणि शक्यतो शारीरिक शिक्षणाचा तास ज्या दिवशी शेवटचा असेल ती. त्या तुकडीनं तो संघ 'दत्तक' घ्यायचा. आदल्या दिवशी संघातल्या मुली वर्गात येऊन नाव, नंबर, कुठे खेळते एवढं सांगतात. मागच्या बाकावरच्या मुलांना लाइन्समनचा झेंडा आणि ऑफसाइड समजावून घ्यायची इतकी हौस असते की मी इतिहास तसा शिकवू शकले असते तर कल्याण झालं असतं. मैदानावर ती मुलं नावानं हाका मारतात. सहा महिन्यांनी विचारलं तरी अकराच्या अकरा नावं पाठ.

शाळाभर सूचना काढली की कुणीच येत नाही. सूचनाफलक मुलं वाचत नाहीत. शिक्षकही.

दोन_रुपये_कमी | सायंकाळी ५.००

बाईंच्या मुद्द्याला जोड. जून २०१८, मुंबईत भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा मैदानात २,५६९ लोक. सुनील छेत्रीनं फोन हातात धरून व्हिडिओ केला की शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात येऊन द्या, अशा अर्थाचा. दोन दिवसांनी झालेल्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. खेळाडू तेच, मैदान तेच. फरक काय, तर त्यानं स्वतः येऊन मागितलं. आईसुद्धा न मागता वाढत नाही आणि आपण प्रेक्षकांनी आपणहून यावं म्हणतो. तुमच्या नऊ नंबरलाच वर्गावर्गात पाठवा. तीस सेकंद बोलली तरी पुरे.

लेफ्टबॅकचा_बाबा | गुरुवार, रात्री १०.२०

हकीकत. शाळेत गेलो. मुख्याध्यापिका आधी "बघू" म्हणाल्या, मग आठवी ब ची यादी काढली. फळ्याला लगेच हो. कडी मी आणि पीटी सरांनी मिळून हार्डवेअरच्या दुकानातून आणून लावली, एका खिळ्यात वाकली, दुसऱ्यात बसली. नऊ नंबर वर्गावर्गात जायला तयार नव्हती. गोल मारताना न लाजणारी मुलगी दारात उभी राहून घामाघूम. शेवटी गोलकी तिच्याबरोबर गेली आणि बोलली गोलकीच.

दडपणाबद्दल लेकीला थेट विचारलं. उत्तर जसंच्या तसं देतो: "तू 'पास दे, पास दे' ओरडतोस ते बंद कर. मला दिसत असतं. नाव घेतलंस तर चालेल. टाळ्या ऐकू येतात, वाक्यं ऐकू येत नाहीत."

तेव्हा पालक ग्रुपवर टाकलं आहे: वाक्यं बंद.

शिट्टीवाला | रात्री १०.२५

ही ओळ मी छापून प्रत्येक मैदानावर लावायला तयार आहे.

लेफ्टबॅकचा_बाबा | शुक्रवार २३, रात्री ११.१५

काल सामना झाला. १-२ हरलो. आता सविस्तर.

साडेतीनचा सामना पावणेचारला सुरू. आमच्या बाजूला अठ्ठेचाळीस माणसं, मी दोनदा मोजली. आठवी ब ची एकतीस पोरं, त्यांच्या दोन बाई, पालक नऊ, माजी विद्यार्थिनी पाच, आणि व्हॅनवाले काका. गॅलरीतले वेगळे. फळ्यावर आजोबांचं अक्षर असं की रस्त्यावरची माणसं सामन्यापेक्षा फळ्याचेच फोटो काढत होती. दहावीच्या चौघी आईबाबांचा हात धरून मधोमध चालत गेल्या. एकीचे वडील पीएमपी बसचे चालक, ड्यूटीच्या खाकी गणवेशातच धावत आले आणि तसेच चालले. आठवी ब नं त्यांनाच सगळ्यात मोठी टाळी दिली, का ते विचारू नका, बहुतेक गणवेशाला.

ताशावाल्यांचा हात पहिल्या कॉर्नरलाच चुकला. निम्मी पोरं दोन-तीन-एक, निम्मी तीन-दोन-एक. दहाव्या मिनिटाला कसा कोण जाणे जमला आणि मग सुटेना. सिंहगडाचं दार चार वेळा झालं. पूर्वार्धात दार उघडलं, ०-१.

उत्तरार्धात आमचा गोल झाला तो खरं तर आमचा नव्हेच. त्यांच्या चार नंबरच्या गुडघ्याला लागून चेंडू त्यांच्याच गोलमध्ये गेला. आठवी ब ला स्वयंगोल वगैरे माहीत नाही, ती उड्या मारायला लागली. इकडे ती चार नंबर चिखलात बसली, उठेच ना. त्यांच्या बाजूला प्रेक्षक तीन. आमच्यातल्या एका पोरानं बाईंना विचारलं, "बाई, तिच्यासाठी ओरडू का?" बाई काही बोलायच्या आत एकतीस पोरं "चार नंबर, ऊठ!" करून टाळ्या वाजवायला लागली.

ती उठली. आणि पेटली. उरलेल्या वीस मिनिटांत तिनं आमच्या नऊ नंबरला वळूच दिलं नाही, शेवटी त्यांच्या दुसऱ्या गोलचा लांब पासही तिचाच. पीटी सर म्हणाले, "हा पराभव प्रेक्षकांमुळे झालेला आहे." हसत म्हणाले की चिडून, ते व्हॅनमध्ये बसेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

तालमीतला | रात्री ११.३०

आरं, समोरच्या टीमला कोण उठवतंय का? पुण्याचं काय खरं न्हाई.

पण चार नंबर कुठल्या शाळेची? पोरगी भारी आहे.

पाऊसपाणी | रात्री ११.३४

मी म्हटलं होतं कड्याकडे लक्ष द्या.

तिसरा_मजला | शनिवार, पहाटे ५.४५

फळा पुसून ठेवला नाही. वर निकाल लिहिला आहे: आपण १, ते २. खाली लिहिलं आहे: मुलांचा सामना, १४ वर्षांखालील, मंगळवार, दुपारी ३. ही वेळ मला पीटी सरांनी आपणहून फोन करून सांगितली.

कालच्या पावसात बाहेरची रेघ गेली. मंगळवारी फक्की कोण आणतंय?

गोलकीची_आई | सकाळी ७.०५

मी आणते. कडी अजून आहे, कालच बघून आले.